असू दे, लागेल कधीतरी

ज्या बटणावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘डाउनलोड’ असं लिहिलेलं असतं, ते दाबल्यावर जगातली कुठलीही गोष्ट डाउनलोड होऊ शकते, आपल्याला हवी असलेली सोडून. फुकटात व्हिडिओ उतरवून देणाऱ्या पानावर अशी तीन-चार बटणं हमखास असतात. एक हिरवं, एक निळं, एक जागच्या जागी उड्या मारणारं. खरं बटण त्यांच्यात नसतंच. ते पानाच्या पार तळाशी, करड्या रंगात, बारीक अक्षरांत बसलेलं असतं आणि आपल्याला कुणी दाबू नये अशीच त्याची इच्छा दिसते.

सासूबाई जतजवळच्या त्यांच्या गावी निघाल्या होत्या. तिथे मोबाइलला रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते आणि सासूबाईंचं वय आता टाकीवर चढण्याचं राहिलेलं नाही. तेव्हा त्यांच्या आवडीचं एक कीर्तन कॉम्प्युटरवर उतरवून द्यावं, असं ठरलं. कॉम्प्युटरमधलं मला कळतं असा आमच्या घरात एक समज आहे. तो मीच पसरवलेला आहे.

मी हिरवं बटण दाबलं. दोन तासांचं कीर्तन पाच सेकंदांत उतरलं. नेट काय फास्ट झालंय बघ, म्हणून मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. फाइलीच्या नावात ‘एमपीफोर’ स्पष्ट दिसत होतं. त्याच्याही पुढे ‘ईएक्सई’ होतं, ते दिसत नव्हतं, कारण ओळखीच्या फाइलींच्या नावाचा शेवटचा तुकडा विंडोज मुळातच झाकून ठेवतं. मी त्यावर दोनदा टिचकी मारली. मग ब्राउझरच्या डोक्यावर सर्चच्या दोन नव्या पट्ट्या बसल्या. होमपेज बदललं. कॉम्प्युटरमध्ये शेकडो दोष आहेत आणि डॉलर भरल्यास ते दूर करू, असं सांगणारा एक डॉक्टर प्रगटला. कोपऱ्यात हवामान आलं, ते शिकागोचं. बाहेर सांगलीचं ऊन रणरणत होतं आणि आमचा कॉम्प्युटर बर्फवृष्टीचा इशारा देत होता.

“कीर्तन कुठाय?” सासूबाईंनी विचारलं.

“येतंय.”

“आणि हे सगळं काय आलंय?”

“हे त्याच्यासोबत फुकट आलंय.”

“फुकट आहे होय? मग असू दे,” सासूबाई म्हणाल्या.

डाउनलोड या प्रकाराचं सगळं तत्त्वज्ञान त्यांनी तिथे उभ्या उभ्या सांगून टाकलं. फुकट आहे, असू दे, लागेल कधीतरी. आम्ही माणसं पाहण्यासाठी किंवा वाचण्यासाठी काही उतरवत नाही. आपल्याकडे असावं म्हणून उतरवतो.

हे आजचं नाही. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. स्वातंत्र्यदिनी मिळालं खरं, पण फोनच्या तारेला बांधून मिळालं. आमच्याकडे ते पोचायला आणखी काही वर्षं गेली. तोवर ५६के नावाचा मोडेम आला होता. त्याचा वेग कागदावर सेकंदाला जेमतेम ७ किलोबाइट. म्हणजे पाच एमबीचं एक गाणं यायला, सगळे ग्रह अनुकूल असतील तर, १२ मिनिटं. सातशे एमबीचा सिनेमा घ्यायचा म्हटला तर २८ तास, आणि एवढा वेळ घरातल्या कुणीही फोन उचलायचा नाही. आमच्या आत्या नेमक्या गाणं संपत आलं की आतल्या खोलीतला फोन उचलायच्या. “हॅलो, हॅलो, अरे कोण किंचाळतंय?” आत्यांनी फोन ठेवेपर्यंत मोडेमने धीर सोडलेला असे. मग पुन्हा पहिल्यापासून. लता मंगेशकरांच्या कितीतरी गाण्यांचे मुखडे मी उतरवले, अंतऱ्यापर्यंत कधी पोचलो नाही.

यावर तोडगा म्हणून डाउनलोड मॅनेजर आले. गेटराइट, फ्लॅशगेट, डाउनलोड ॲक्सिलरेटर. त्यांची युक्ती साधी होती. एकाच फाइलीचे तुकडे पाडायचे, सगळे तुकडे एकाच वेळी मागवायचे आणि शेवटी जोडायचे. मध्येच तार तुटली तर जिथे थांबलं होतं तिथून पुढचं मागायचं. अर्थात समोरच्या सर्व्हरला ही पद्धत मान्य असेल तर. नसेल तर तो तुम्हाला परत शून्यावर आणून सोडायचा. यातली अडचण एकच, की डाउनलोड मॅनेजर हाही डाउनलोडच करावा लागायचा आणि तो करताना आपल्याकडे डाउनलोड मॅनेजर नसायचा. तो उतरेपर्यंत आमच्या आत्यांना मुद्दाम हळदीकुंकवाला पाठवलं होतं.

फ्लॅशगेटमध्ये फाइल म्हणजे ठिपक्यांची एक जाळी असायची. तुकडा आला की ठिपका रंगायचा. रविवारी दुपारी मित्र जमायचे, खुर्च्या ओढून ठिपके बघत बसायचे. “वरच्या ओळीत आला बघ एक.” “डावीकडे अडकलंय.” मध्ये चहा व्हायचा. काय उतरतंय हे कुणी विचारत नसे. डाउनलोडकडे बघत बसलं की ते लवकर होतं, माऊस हलवला की बिघडतं, आणि नव्वद टक्क्यांनंतर खोलीत मोठ्याने बोलू नये, या तिन्ही गोष्टींवर आमच्या पिढीची श्रद्धा आहे. नव्याण्णव टक्क्यांवर घोडं का अडतं, याचं कारण मला पुढे भाच्याने सांगितलं. तिथे तुकडे जोडायचं काम चालतं, शिवाय अँटिव्हायरस आलेला माल तपासत बसतो. कारण कळल्यावर त्यातली मजा थोडी गेली. ‘शिल्लक वेळ’ या रकान्याचं मात्र कौतुक अजून आहे. उरलेल्या फाइलीला त्या क्षणाच्या वेगाने भागून तो उत्तर देतो, म्हणून आधी चार मिनिटं म्हणतो, मग तीन तास म्हणतो, मग दोन दिवस, आणि तुम्ही नाद सोडून जेवायला उठलात की ‘झालं’ म्हणतो.

पुढे ब्रॉडबँड आलं. बीएसएनएलच्या एका योजनेत रात्री २ ते सकाळी ८ कितीही डाउनलोड करा, मोजणी नाही, अशी सोय होती. दिवसा मात्र मोजून मापून. या एका ओळीने महाराष्ट्रातल्या किती लोकांची झोप उडवली, त्याची मोजणी कुणी केलेली नाही. आम्ही दोनचा गजर लावायचो. कॉम्प्युटर सुरू करायचा, रांगेत फाइली लावायच्या, पुन्हा आडवं व्हायचं आणि आठच्या ठोक्याला नेट बंद करायला धावायचं. आठ वाजून पाच मिनिटांनी जाग आली तर आधी बिलाचा आकडा डोळ्यांपुढे यायचा, मग देव. त्यातच ते भारनियमनाचे दिवस. वीज जाण्याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि वीज त्यात नसलेल्या वेळी जायची. ऑफिसात तांबारलेले डोळे बघून साहेबांना वाटायचं, मार्चअखेरीचं काम घरी नेतात पोरं.

समोरचे आप्पा पहाटे दूध घालायला उठतात. त्यांनी एकदा फाटकातच गाठलं.

“काय ओ, रोज रात्री दोनला दिवा दिसतोय. कोण आजारी हाय काय घरात?”

“नाही आप्पा, डाउनलोड लावलंय.”

“अगं आई गं. किती बाटल्या झाल्या?”

मी म्हटलं, अजून चालू आहे. संध्याकाळी त्यांच्या घरून पेज आली.

वेगाचं म्हणाल तर तो आजतागायत मला मिळालेला नाही. आठ एमबीचं कनेक्शन घेतलं तेव्हा उत्साहाने फाइल लावली. वेग दिसला सेकंदाला एक एमबी. केबलवाल्या पोराला फोन केला.

“साहेब, ते बिट आहेत. तुम्ही बघताय ते बाइट.”

“म्हणजे?”

“आठाने भागायचं.”

“मग आधीच भागून का सांगत नाही?”

“मग घेईल कोण?” पोरगा म्हणाला. धंद्यात हे पोरगं वर येणार, यात शंका नाही.

आता व्हिडिओकडे येतो. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५चा आहे. यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून, यांची सोंड फार लांब असते, एवढं सांगतो आणि १९ सेकंदांत विषय संपतो. हा व्हिडिओ माझ्याकडे आहे. का आहे, हे विचारू नका. पुढच्याच वर्षी, २००६मध्ये, यूट्यूब-डीएल नावाचं साधन निघालं आणि त्याच्या घराण्यातलं वायटी-डीएलपी आज चालतं. यात हिरवी बटणं नाहीत. मुळात बटणंच नाहीत. एक काळी खिडकी उघडते, तिच्यात हुकूम टाइप करायचा. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा भाचा म्हणाला, “मामा, हिरव्या बटणांपासून तुला आता हेच वाचवेल.” (यूट्यूबच्या नियमांत असं परस्पर उतरवून घेणं बसत नाही. भाच्याने ते सांगितलं आणि सांगून झाल्यावर पुढचा हुकूमही सांगितला.)

त्या दिवशी मला गच्चीवर पाणी चढवणाऱ्या मोटरचा एक व्हिडिओ हवा होता. मोटरने एअर धरली तर काय करायचं, फूटव्हॉल्व्ह कसा बदलायचा, असा सहा मिनिटांचा. भाचा फोनवर होता.

“आता डॅश डॅश लिही.”

“डॅश डॅश असं अक्षरात?”

“मामा, खूण. दोन आडव्या रेघा.”

“मध्ये जागा सोडू?”

“नको. आता लिंक टाक.”

टाकली, एंटर दाबलं, काहीतरी पळून थांबलं आणि खाली इंग्रजीत आलं की ‘लिस्ट’ नावाचा हुकूम आम्ही ओळखत नाही. मी घाबरून सगळं बंद केलं. भाचा म्हणाला, लिंकमध्ये ‘आणि’ची खूण आहे, तिथे विंडोजला वाटतं पहिला हुकूम संपला; लिंकला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं दे. दिली. या खेपेला एकही तक्रार न करता काम सुरू झालं आणि मी जेवायला गेलो. जेवून आलो तरी सुरूच. झोपून उठलो तरी सुरूच. झालं होतं असं, की त्या लिंकच्या शेपटाला एक अख्खी यादी जोडलेली होती. अवतरणचिन्हांशिवाय, म्हणजे चुकीच्या पद्धतीने, नेमका एक व्हिडिओ उतरलाही होता. बरोबर पद्धतीने सगळी यादी उतरली. मोटरचा व्हिडिओ त्यात होता, बाकी सगळे ट्रॅक्टरचे होते. पंजाबातला एक मिस्त्री ट्रॅक्टर खोलतो, पुसतो, परत जोडतो आणि अधूनमधून लस्सी पितो. अनेक भागांत.

“डिलीट कर मामा,” भाचा म्हणाला.

मी डिलीटपाशी बोट नेलं. पण एवढं आलेलं घालवायचं? उद्या ट्रॅक्टर घेतलाच तर? आमच्याकडे शेत नाही, ही गोष्ट वेगळी.

मोठं, स्वच्छ चित्र मागितलं की व्हिडिओ मुका येतो, हा आणखी एक धडा. यूट्यूबवर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फाइलींत ठेवलेले असतात. दोन्ही उतरवून एफएफएमपेग नावाच्या साधनाने सांधावे लागतात आणि ते साधन अर्थातच निराळं डाउनलोड करायचं असतं. ते नव्हतं तोवर माझ्याकडे एका फोल्डरात मुकी भजनं होती आणि दुसऱ्यात नुसता आवाज. भजनाला आलेल्या पाहुण्यांना मी दोन्ही एकदम लावून दाखवली. बुवांचं तोंड समेवर मिटायचं आणि सम मागाहून यायची.

ऑक्टोबर २०२०मध्ये आरआयएए या अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने कायद्याची नोटीस पाठवली आणि यूट्यूब-डीएल गिटहबवरून काढून टाकण्यात आलं. पुढच्या महिन्यात ते परत आलं. मधल्या काळात जगभर लोकांनी जे केलं तेच मी केलं. त्याच्या प्रती जिथून मिळतील तिथून उतरवून ठेवल्या. त्या सगळ्या प्रती एव्हाना निकामी झाल्यात, कारण यूट्यूबने आतली रचना बदलली की जुनं साधन चालत नाही. तरी आहेत. ठेवल्यात.

सासूबाईंच्या कीर्तनाचा प्रश्न दरम्यान त्यांच्या नातीने सोडवला होता. यूट्यूबच्या मोबाइल ॲपमध्ये भारतासाठी २०१४च्या अखेरीला ऑफलाइनची सोय आली, तिच्यात एक बटण दाबलं की काम भागतं. पोरीने दाबून दिलं. सासूबाई गावी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा टाकीवरून, म्हणजे टाकीवर चढवलेल्या एका मुलाकडून, निरोप आला की कीर्तन गेलं. मी समजावलं, की ते ४८ तासांपुरतंच असतं, मग परत नेटला जोडावं लागतं.

“दोन दिवसांत नासतं होय?” परत आल्यावर त्या म्हणाल्या. “लोणचं बरं की मग.”

खरं तर सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, नेट पाण्यासारखं झालं, तिथेच हा साठेबाजीचा रोग बरा व्हायला हवा होता. हवं तेव्हा हवं ते दिसतंय, उतरवायचं कशाला? पण रोज दीड जीबी मिळायला लागला आणि तो रात्री बाराला बुडायला लागला. बुडणारी वस्तू मराठी माणसाला बघवत नाही. आता आमच्याकडे साडेअकराला संवाद होतात ते असे.

“अहो, तुमचा किती उरलाय?”

“आठशे एमबी.”

“माझा सहाशे. काय घेऊ?”

“काहीही घे. बारा वाजायला आलेत.”

असं काहीही घेत घेत आमच्याकडे जपानी गवंडीकामावरचा माहितीपट आला, उंटाच्या शर्यती आल्या, इस्त्रीचे अठरा प्रकार आले. ते ठेवायला फोल्डर आहेत. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘महत्त्वाचे’, ‘खरंच महत्त्वाचे’ आणि ‘बघून काढून टाकायचे’. शेवटचा फोल्डर सगळ्यात मोठा आहे. आतल्या निम्म्या फाइलींचं नाव ‘व्हिडिओप्लेबॅक’, पुढे कंसात आकडा.

पुस्तकांचंही तेच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं पीडीएफ करून संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, चांगली जाडजूड, संदर्भाची. यात बेकायदा काही नाही, हिरवं बटण नाही, दोनचा गजर नाही. मी एका रविवारी बसून शंभर-दीडशे घेतली. तेव्हापासून माझ्या वाचनात मोठा फरक पडला आहे. कुणी एखाद्या ग्रंथाचं नाव काढून “वाचलंय का?” विचारलं, की मी “आहे माझ्याकडे” म्हणतो. विचारणारा मान डोलावून म्हणतो, “माझ्याकडेपण आहे.” आणि चर्चा उच्च पातळीवर संपते.

आप्पांच्या नातीच्या लग्नाची फिल्म फोटोग्राफरने लिंकवर पाठवली तेव्हा ही सगळी विद्या पणाला लागली. लिंक सात दिवसांत मरणार होती आणि पाच दिवस ती आप्पांच्या मोबाइलात ‘गुड मॉर्निंग’च्या खाली गाडली गेली होती. मी ती उतरवली. झिप होती, विनरारने उघडली. (विनरारची फुकट वापराची मुदत ४० दिवसांची असते. ते ४० दिवस उलटल्याची आठवण ते दर वेळी करून देतं आणि उघडून देतं. इतका सोशिक सावकार दुसरा नाही.) फिल्म निघाली सहा जीबीची. आप्पांनी ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला होता, कोरा. कॉम्प्युटर म्हणाला, फाइल मोठी आहे, मावत नाही.

“बत्तिसात सहा मावंना?” आप्पा म्हणाले. “कुठल्या शाळंत शिकलंय हे?”

तो पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा होता, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, बाकी जागा रिकामी का असेना. हे मी आप्पांना नीट समजावलं. आप्पांनी ते नीट ऐकलं आणि म्हणाले, “मग चारपत्तोर घाला. पुढं नुसतं जेवणच हाय.”

शेवटी पेन ड्राइव्ह एक्सफॅट करून घेतला आणि जेवणासकट लग्न त्यात बसलं. आप्पांकडे टीव्हीला ते अजून लावलेलं नाही. पण आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोटरने एअर धरली. टाकी कोरडी, घरात पाहुणे. मी म्हटलं, काळजी नको, व्हिडिओ आहे माझ्याकडे. ‘महत्त्वाचे’ बघितलं, ‘खरंच महत्त्वाचे’ बघितलं, ‘व्हिडिओप्लेबॅक’ एकेक उघडत गेलो. उंट आले, इस्त्री आली, लस्सी पिणारा मिस्त्री आला. तासाभराने अंगणातून पाण्याचा आवाज आला. बायकोने मोबाइलवर तोच व्हिडिओ यूट्यूबवर लावून, मोटरच्या नरसाळ्यात तांब्याने पाणी ओतून मोटर चालू केली होती.

त्यामुळे हार्ड डिस्कवर जागा करायचं घरातून ठरलं आहे. पंजाबी ट्रॅक्टर-दुरुस्तीची संपूर्ण मालिका, उत्तम चित्र, आवाजासकट, कुणा गरजू वाचकास हवी असल्यास संध्याकाळी सातनंतर घरी यावं. पेन ड्राइव्ह मोठा आणावा आणि एक्सफॅट करून आणावा. मूळ प्रत माझ्याकडेच राहील.